पहाटेची धाव आणि दप्तरातले कागद

वाचकाचे पत्र, थोडक्यात: गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका आईचे हे पत्र आहे. त्यांची मुलगी अकरा वर्षांची असून सहावीत शिकते. चौथीपर्यंत ती गावातल्या मराठी प्राथमिक शाळेत होती आणि वर्गात पहिली येत असे. पाचवीपासून ती शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जाऊ लागली. गेल्या वर्षभरात तिची उंची ६ सेंटिमीटरने आणि वजन ८ किलोने वाढले. आज उंची १४४ सेंटिमीटर आणि वजन ४४ किलो आहे. आईने चार महिन्यांपूर्वी तिला रोज पहाटे धावायला नेणे सुरू केले आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी पोहण्याच्या वर्गात घातले. वजन तरीही वाढतेच आहे. घरात भात मोजून वाढला जातो आणि गोडधोड बंद आहे. मात्र दप्तरात आणि गादीखाली बिस्किटांचे व चॉकलेटांचे कागद सापडू लागले आहेत. वडील बोटीवर नोकरीला असतात आणि आठ-नऊ महिने घरी नसतात. सासूबाईंचे म्हणणे, "वाढत्या अंगाची पोर आहे, खाऊ दे." धाकटा मुलगा आठ वर्षांचा असून त्याचे नेमके उलटे आहे: चाचणी परीक्षा जवळ आली की तो ताटाला हात लावत नाही आणि शाळेत जाताना त्याला मळमळते. आईचे तीन प्रश्न आहेत. मुलीचा व्यायाम आणखी वाढवावा का? खाऊच्या कपाटाला कुलूप लावावे का? आणि मुलाला बळेच भरवावे का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी पहिल्यांदा वाचले तेव्हा वजनाचे आणि उंचीचे आकडे पाहिले. दुसऱ्यांदा वाचताना मी तुमच्या मुलीचा दिवस कागदावर मांडला, कारण तुम्ही तो फार प्रामाणिकपणे लिहून पाठवला आहे. पहाटे पाचला उठणे, साडेपाच ते सव्वासहा फर्मागुडीच्या चढावर धावणे, पावणेआठला शाळा, दीडला सुटका, दोनला जेवण, साडेतीन ते साडेपाच शिकवणी, त्यानंतर तीन दिवस पोहणे, आठपासून गृहपाठ, नऊ वाजता जेवण, आठवड्यातून दोन-तीनदा बाबांचा व्हिडिओ कॉल आणि पावणेअकरा-अकराला झोप. या मुलीला रोज जेमतेम सहा तास झोप मिळते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी, असे निद्राविज्ञानाचे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे तिची रोजची तूट किमान तीन तासांची आहे, आणि ती तूट वाढवण्यात पहाटेच्या त्या धावण्याचा मोठा वाटा आहे.

तुम्हाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. नोकरी, घर, सासूबाई आणि दोन मुले एकटीने सांभाळून तुम्ही स्वतः पहाटे तिच्याबरोबर धावता, यामागची तळमळ मला स्पष्ट दिसते. परंतु तुमच्या पत्राच्या मुळाशी एक गृहीतक आहे, आणि ते जवळजवळ प्रत्येक पालकाच्या मनात असते, म्हणून त्याबद्दल आधी बोलू या. ते असे, की वजन म्हणजे जमाखर्चाची वही. खाल्ले ते जमा, धावले ते खर्च, आणि शिल्लक वाढत असेल तर जमा कमी करावी आणि खर्च वाढवावा. हे अगदी खोटे नाही. पण मुलाचे शरीर या वहीत स्वतःही नोंदी करत असते. झोप अपुरी पडली की भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन कमी होते. अशा मुलाला अधिक भूक लागते, ती विशेषतः गोड आणि तळलेल्या पदार्थांची लागते, आणि दिवसभराच्या थकव्यामुळे हालचालही आपोआप मंदावते. व्यायामासाठी झोप कापली तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत जाते.

ताणाचेही तसेच आहे. अचानक मोठी भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन उसळते, पोटाचे काम मंदावते आणि घास घशाखाली उतरत नाही. तोच ताण आठवडेच्या आठवडे, महिनोन् महिने मुरत राहिला, तर कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी चढी राहू शकते. त्याने भूक वाढते, मन गोड आणि स्निग्ध पदार्थांकडे ओढले जाते आणि चरबी पोटाभोवती साठण्याकडे कल होतो. गोड खाल्ल्यावर काही क्षण खरोखरच बरे वाटते, आणि मूल ते लक्षात ठेवते. पुढे दप्तरातल्या बिस्किटाच्या पुड्याकडे हात जातो तो भुकेने, की बरे वाटावे म्हणून, हे त्या मुलालाही सांगता येत नाही. तुमच्या एकाच घरात या दोन्ही तऱ्हा आहेत. मुलगी ताणात खाते आणि मुलगा ताणात खात नाही. दोघे एकाच गोष्टीबद्दल सांगत आहेत, मात्र तुम्ही एकीला आवर घालता आणि दुसऱ्याची मनधरणी करता.

मग ताण कसला, असे तुम्ही विचाराल, कारण पत्रात तुम्ही "तिला कसली चिंता असणार, सगळे तर आम्ही करतो" असे लिहिले आहे. तुमच्याच पत्रातल्या तारखा मी जुळवून पाहिल्या. तिचे वजन पाचवीच्या वर्षापासून चढू लागले. आपल्या गोव्यात हजारो मुले याच वळणावरून जातात: चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीला एकदम सगळे विषय इंग्रजीतून. काल जी मुलगी वर्गात पहिला हात वर करत होती, तिला आज विज्ञानाचा प्रश्नच कळत नाही, आणि कळला तरी उत्तर मनात मराठीत तयार होते व तोंडातून बाहेर येत नाही. गावातल्या मैत्रिणी वेगवेगळ्या शाळांत पांगल्या. त्याच वर्षी तिचे बाबा पुन्हा बोटीवर गेले. दहा वर्षांच्या मुलीला एकाच वर्षात आपली भाषा, आपल्या मैत्रिणी, आपला पहिला क्रमांक आणि आपले बाबा या सगळ्यांपासून दूर जावे लागले. मला ही लहान गोष्ट वाटत नाही. आपण मोठी माणसे नोकरीत नुसती बदली झाली तरी किती दिवस अस्वस्थ असतो, हे आठवून पाहा.

आता व्यायामाबद्दल. तो वाढवू नका. किंबहुना पहाटेचे धावणे उद्यापासून थांबवा आणि तो वेळ झोपेला द्या. याचा अर्थ मी व्यायामाला कमी लेखते असा कृपया घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारी जोरकस हालचालही करावी. 'सरासरी' हा शब्द महत्त्वाचा आहे. एखाद्या दिवशी वीस मिनिटे आणि रविवारी दोन तास झाले तरी चालते. शिवाय या साठ मिनिटांत लगोरी येते, लंगडी येते, सायकल येते, दोरीवरच्या उड्या येतात आणि चतुर्थीच्या आधी महिनाभर चालणारा फुगडीचा सरावही येतो, ज्यात घाम निघतो तो पाहणाऱ्यालाही दिसतो. अशा हालचालीने झोप गाढ लागते, मन हलके होते, इन्सुलिनचे काम सुधारते आणि हाडे भक्कम होतात. वजनाच्या काट्यावर यांपैकी काहीच लगेच दिसत नाही, म्हणून पालक निराश होतात.

काट्यावर का दिसत नाही, तेही सांगते. चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलाने पाऊण तास पोहले, तर साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात. पोहून आल्यावर बेकरीतला एक पॅटिस आणि बाटलीतले गोड पेय घेतले, की त्या भरून निघतात आणि वर थोड्या उरतातही. जोराच्या व्यायामानंतर काही काळ भूक मंदावते, पण थंड पाण्यात पोहल्यावर ती बहुधा खवळते. तुमची मुलगी तलावावरून आल्यावर "वखवखल्यासारखी" खाते, असे तुम्ही लिहिले आहे. ती तशी खाणारच, कारण दोनच्या मोजून वाढलेल्या जेवणानंतर सात वाजेपर्यंत तिच्या पोटात घरचे असे काहीच गेलेले नसते. पोहणे तिला आवडत असेल तर ते जरूर चालू ठेवा, पण आधी तिला मोकळेपणाने विचारा. "वजन कमी करायला जातेस" हे वाक्य त्याला चिकटले असेल, तर ते काढून टाकावे लागेल. शिक्षा म्हणून केलेला व्यायाम हा स्वतःच एक ताण असतो, आणि असे मूल मोठे झाल्यावर मैदानाकडे पाठ फिरवते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

त्याऐवजी तिच्या दिवसात एक मोकळा तास उघडता येतो का, ते पाहा. शिकवणी आठवड्यातून सहा दिवस हवीच का? इंग्रजीची भीती घालवण्यासाठी रोज दोन तास बाकावर बसण्यापेक्षा तीन दिवस पुरेसे ठरू शकतात. उरलेल्या तीन संध्याकाळी ती वाड्यावरच्या मुलांबरोबर खेळली, तर ते खेळणे वाया गेले असे समजू नका. भातकापणीनंतर आपल्याकडे शेतांत फुटबॉल सुरू होतो. मुलींनाही त्यात घ्यावे, हे मी मुद्दाम लिहिते, कारण याच वयात मुलींना "आता मोठी झालीस" म्हणून अंगणातून घरात ओढले जाते आणि मग त्यांची हालचाल कमी झाल्याची तक्रारही आपणच करतो. पावसाच्या चार महिन्यांत बाहेर पडता येत नाही, तेव्हा बाल्काव, म्हणजे घरापुढची छपराची ओसरी, असेल तर बाल्कावात, नाहीतर दिवाणखान्यात दोरीच्या उड्या, फुगडी किंवा नाच चालेल. रविवारी तुम्हाला फर्मागुडीला जायचे असेल तर अवश्य जा, पण संध्याकाळी जा, गप्पा मारत जा आणि घड्याळ घरी ठेवा.

कुलपाच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. लिआन बर्च या अमेरिकी संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यासह १९९९ साली लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांसमोर पारदर्शक बरणीत खाऊ ठेवला आणि तो मिळण्यावर बंधन घातले, तेव्हा मुले त्याच खाऊबद्दल अधिक बोलू लागली आणि तोच अधिक मागू लागली. कुलूप हीसुद्धा एक बरणीच आहे. त्यात भर अशी, की कुलूप लावल्यावर मुलगी खाणे थांबवत नाही, ती लपवून खाते. आणि लपवून खाल्लेला घास चवीने खाल्ला जात नाही, घाईने आणि अपराधी मनाने गिळला जातो. तिथे पोट भरल्याची सूचना ऐकू येण्याइतकी उसंतच नसते.

याचा अर्थ कपाट बिस्किटांनी भरून ठेवावे असा नाही. कुलूप लावणे वेगळे आणि ती वस्तू मुळात घरात न आणणे वेगळे. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पालक आणि मुले यांच्यात कामाची एक वाटणी सुचवली आहे, ती मला फार उपयोगी वाटते: काय खायचे, केव्हा खायचे आणि कुठे बसून खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, त्यातले किती खायचे आणि खायचे की नाही हे मुलाने ठरवावे. तुमच्या घरात सध्या ही वाटणी उलटी झाली आहे. किती भात खायचा ते तुम्ही ठरवता, आणि काय खायचे व केव्हा खायचे ते शाळेजवळच्या दुकानात तिची ती ठरवते.

सकाळी पाच वाजता उठायचे नसेल, तर तिला शांतपणे न्याहारी करायला वेळ मिळेल. पोदेराचा (पाववाल्याचा) उंडा पाव आणि त्याबरोबर अंडे किंवा मुगाची उसळ, अथवा आजीच्या हातचे नाचणीचे तिझण, म्हणजे खीर, कमी गुळाची, हे बाजारातल्या कोणत्याही डब्यातल्या पौष्टिक पुडीपेक्षा चांगले. मधल्या सुट्टीचा डबा घरचा द्या आणि तो पोटभर द्या, कारण दहाला दिलेल्या दोन बिस्किटांचा हिशेब दुपारी दोनला चुकता होतो. दुपारी भात, हुमण (माशांची आमटी) किंवा अळसांद्याचे तोंडाक (चवळीसारख्या कडधान्याची आमटी) आणि भाजी यांचे जेवण असू द्या, आणि भात मोजणे बंद करा. सुरुवातीचे आठ-दहा दिवस ती जास्त खाईल. घाबरू नका, हातचे कोणी काढून घेणार नाही याची खात्री पटायला तिला तेवढा वेळ लागेल. साडेपाचला पुन्हा काहीतरी भरीव हवे: फळ आणि शेंगदाणे, पेज, उकडलेले चणे. रात्रीचे जेवण नऊऐवजी आठच्या आत व्हावे, सगळ्यांनी एकत्र बसून व्हावे, आणि तेव्हा टीव्ही व मोबाइल बंद असावेत, कारण पडद्याकडे पाहत जेवणाऱ्याला आपण किती खाल्ले ते समजत नाही. गोड खायचे ते उघडपणे, ताटात वाढून. चतुर्थीच्या नेवऱ्या किंवा जत्रेचे खाजे सगळ्यांबरोबर खायची तिला मुभा असेल, तर ते गादीखाली न्यायची गरज उरत नाही. बाटलीतली गोड पेये मात्र घरात आणूच नका. साखर अंगी लागते आणि पोट भरल्यासारखे वाटत नाही, असा तो प्रकार आहे. हा नियम घरातल्या सर्वांसाठी असावा, एकट्या तिच्यासाठी नव्हे.

सासूबाईंचे म्हणणे तुम्ही थोडे बाजूला सारले आहे, पण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. वयात येण्याच्या सुमारास, पाळी सुरू होण्याआधीच्या वर्षांत, मुलींचे अंग भरते. पुष्कळदा वजन आधी चढते आणि उंची मागून येते. या काळात वर्षाला तीन ते पाच किलो वाढणे हा वाढीचाच भाग आहे, त्यामुळे आठच्या आठ किलो जास्तीचे नाहीत. तिचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २१.२ येतो. प्रौढांच्या मोजपट्टीवर हा आकडा निर्धास्त वाटेल, पण मुलांना ती मोजपट्टी लागू नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. त्यांवर वयानुसार तिची जागा तुमचे बालरोगतज्ज्ञ पाहतील. ती अतिवजनाच्या रेषेच्या वर असण्याची शक्यता आहे, म्हणून एकदा दाखवणे योग्यच. मात्र या वयात बहुतेक मुलांचे वजन उतरवायचे नसते. ते वाढण्याचा वेग मंद करायचा असतो, म्हणजे वाढती उंची त्याला गाठते.

डॉक्टरांकडे जाताना काही गोष्टी स्वतः पाहून ठेवा. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळपट, जाडसर आणि मखमली झाली आहे का? तो मळ नसतो, घासून जात नाही. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. रात्री ती मोठ्याने घोरते का? तहान आणि लघवी वाढली आहे का? कुठल्या आजारासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड औषध चालू होते का? उंची वाढत आहे हे चांगले लक्षण आहे. वजन वाढते पण उंची अडते, तेव्हा थायरॉइड किंवा अन्य संप्रेरकांचा विचार करावा लागतो. आणि एक विनंती: डॉक्टरांशी वजनाची चर्चा करताना तिला दहा मिनिटे बाहेर बसवा.

कारण या पत्रातली जी एक गोष्ट मला सर्वांत जास्त लागली, ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. बोटीवरून बाबांचा कॉल येतो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, "किती झालं गो वजन?" त्यांच्या मनात काळजी आहे हे मी जाणते. परंतु समुद्रापलीकडून आठवड्यातून दोन-तीनदा मिळणाऱ्या बाबांच्या दहा मिनिटांपैकी पहिले मिनिट काट्याला जाते, आणि त्या मुलीच्या मनात बाबांच्या आवाजाशी वजनाचा आकडा जोडला जातो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार या दोन्हींच्या प्रतिबंधासाठी एकत्रित सल्ला दिला, त्यात पालकांनी मुलांशी वजनाबद्दल बोलणे आणि वजनावरून चिडवणे टाळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. असे बोलणे ऐकत वाढलेली मुले पुढे उपासमार, अतिखाणे किंवा ओकारी काढणे यांच्या फेऱ्यात सापडण्याचा धोका वाढतो. तुमच्या यजमानांना हे एकदा सविस्तर लिहून कळवा. त्यांनी तिला बंदर कोणते आहे, आज काय पाहिले, तिने काय वाचले हे विचारावे. तिच्या इंग्रजी वाचनाची पाच मिनिटे त्यांनी फोनवर घेतली तर बोटीवरच्या बाबांचा शाळेतही आधार होईल. चतुर्थीला घरी येणाऱ्या आत्या-मावश्यांनी "जाड झालीस गो" म्हटले, तर तुम्ही तिच्या देखत, शांतपणे सांगा की आमच्या घरी आम्ही मुलांच्या अंगाविषयी बोलत नाही. घरातला वजनकाटा कपाटावर ठेवून द्या. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे मोजले तरी पुरे.

धाकट्याला बळेच भरवू नका. भीतीने आकसलेल्या पोटात घास ढकलला तर मळमळ वाढते, आणि शाळेच्या भीतीला ताटाची भीती जोडली जाते. चाचणीच्या सकाळी त्याला पातळ पेज किंवा केळे पुरेसे आहे, आणि घरी परतल्यावर तो व्यवस्थित खात असेल, उंची-वजन आपापल्या रेषेवर वाढत असेल, तर काळजी नको. त्याच्या शिक्षकांना मात्र भेटा. आठ वर्षांच्या मुलाला चाचणीची इतकी धास्ती का वाटते, हे वर्गातच समजेल.

मुलीच्याही शाळेत जा, आणि तिला कोणी चिडवते का ते विचारा. कुठल्याही मुलामुलीत पुढे जेवण चुकवणे, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन ओकणे, गुपचूप अतोनात व्यायाम करणे, सतत रडणे किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा दिसली, तर वाट पाहू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. तुमच्या पत्रात यांतले काही दिसत नाही, पण हे सदर वाचणाऱ्या एखाद्या घरात ते असेल, म्हणून लिहिले.

राहता राहिले ते कागद. ते सापडल्याचे तुम्ही तिला अजून सांगितलेले नाही, पण ते तुम्ही उचलून फेकलेत, म्हणजे तिला ते समजलेच असणार. हे मौन दोघींनाही जड जात असेल. एखाद्या संध्याकाळी, धाकटा आजीपाशी असताना, तिच्या शेजारी बसा आणि इतकेच सांगा, की मला कागद सापडले, मी रागावलेली नाही, भूक लागली की माझ्याकडे मागायचे आणि मी देईन. मग शाळेबद्दल विचारा, आणि पाचवीतला पहिला दिवस कसा गेला होता तिथून सुरुवात करा. बहुधा तुम्हाला हे दोन-तीनदा करावे लागेल. पहिल्या दिवशी ती काही बोलणार नाही.